हुमेराचा बैल

परंड्यात आमच्या शेजारी हैदरभाई नालबंद राहतात. बैलाला पाडायचं, पाय बांधायचे आणि खुरांना नाल ठोकायचे, यात त्यांचा जन्म गेला. आता जो तो ट्रॅक्टर घेतो. बैल राहिलेत कुठं? हैदरभाईंचा हातोडा कोपऱ्यात पडून असतो. त्यांची लेक हुमेरा लहानपणी माझ्या भिंतीवर कोळशानं घोडे काढायची आणि माझा ओरडा खायची. तीच आता धाराशिवला चित्रकलेचा कोर्स करते.

जुलैत एकदा येऊन म्हणाली, "काका, तुमची पुढची खोली द्या की. आमच्या पत्र्याच्या घरात उजेड न्हाय."

दिली. न देऊन सांगता कुणाला?

कोर्सच्या शेवटी तिला एक छोटी फिल्म करून द्यायची होती. मातीचा बैल केसभर हलवायचा, मोबाईलवर फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायचा. सगळे फोटो भराभर पळवले की बैल चालायला लागतो. गोष्ट साधीच: बैल घरून निघतो, नाल मारून घेतो आणि घरी येतो. त्याचे इवलेसे नाल हैदरभाईंनीच डब्याच्या पत्र्यातून कातरून दिले. पोळ्यानंतरच्या सोमवारी फिल्म दिली नाही तर पोरीचं वर्ष वाया जाणार होतं. त्यापायी श्रावणभर माझ्याच घरात मला पंखा लावायची बंदी. मी कुरकुरलो की ती हसून म्हणायची, "काका, बैल पडंल." मग मी वर्तमानपत्र घेऊन गुमान ओट्यावर.

शनिवारी पोळा होता. फिल्ममधला बैल घराच्या दारापर्यंत पोचला होता, आत जायचा तेवढा राहिला होता. सकाळी हुमेरा आली आणि उंबऱ्यातच थबकली. बैलाच्या कपाळावर ठसठशीत कुंकू, पुढ्यात पुरणपोळीचा घास.

"हे कुणी केलं?" मी विचारलं. जसं काही घरात दहा माणसं राहतात.

माझी बायको शामला पदराला हात पुसत आली. "मीच केलं. पोळ्याच्या दिवशी बैल घरात उभा, आन् त्याला तसाच ठेवू व्हय?"

मग तिला पोरीचा चेहरा दिसला. कच्च्या मातीत कुंकू पार मुरलं होतं. पुसायला जावं तर कपाळच हातात यायचं. मी शामलाला नको नको ते बोललो. नवा बैल करून वाळवायलाही वेळ नव्हता.

"काका, काकूंना बोलू नका," हुमेरा म्हणाली. तिनं मोबाईलमधून बैल सगळ्या बाजूंनी बघितला. मग म्हणाली, "काकू, तुमचा हात लागंल मला."

तिनं बैल मोबाईलकडं पाठमोरा वळवला, म्हणजे कुंकू दिसेना. शामलाचा हात फिल्ममधल्या घराच्या दारातून बैलाकडं निघाला. केसभर पुढं, थांबायचं, फोटो; पुन्हा केसभर. चहा प्यायलासुद्धा एका जागी न बसणारी ही बाई दुपारपर्यंत हात पुढं धरून बसली, तीही तोंडातून शब्द न काढता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं काही माझ्या नशिबी आलं नव्हतं. शेवटी हात बैलाच्या कपाळाशी पोचला. मग हुमेरानं बैल सामोरा फिरवला. हात बाजूला झाला आणि कुंकू दिसलं, जणू त्या हातानं आत्ताच लावलेलं.

सोमवारी फिल्म वेळेत पोचली. सरांनी पसंतही केली. संध्याकाळी एसटीतून उतरून ती सरळ आमच्या ओट्यावर आली आणि हैदरभाईंना तिथंच बोलावून घेतलं. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला. बैल डुलत आला, नाल मारून घेतले, घराकडं फिरला. दारातून तो सुरकुतलेला हात निघाला.

"पुन्हा लाव," हैदरभाई म्हणाले.

दुसऱ्यांदा बघून झाल्यावर ते शामलाकडं वळले. "आमी नाल ठोकून बैल सोडून द्यायचो, वहिनी. सणाच्या दिवशीबी दुकान सुटायचं न्हाय. घरी त्याची कुणी एवढी वाट बघतंय, ते आज बघितलं."

हुमेरानं न सांगता तिसऱ्यांदा लावली.