जाळीमागचा पाइप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — ते मलाच नीट कळलेलं नाही.

माझं लातूरला गॅरेज आहे. क्लासेसचं पेव फुटलं तेव्हा रेणापूरच्या एका माणसाने टर्बो डिझेल जीप घेतली — पोरांना सकाळी क्लासला आणायची, दुपारी परत न्यायची. ड्रायव्हर मकबूलभाई. गाडी पुसल्याशिवाय ते चावी लावायचे नाहीत.

एका सर्व्हिसिंगच्या वेळी माझ्याच हातून एक पाइप फुटला. पुढच्या जाळीतून बाहेरची गार हवा फिल्टरपर्यंत नेणारा. नवा यायला चार दिवस, आणि गाडी उद्याच हवी. मी पाइपाशिवायच दिली. नंतर लावू म्हटलं. आणि नंतर? — आळस, दुसरं काय! गाडी इंजिनाजवळची तापलेली हवा ओढू लागली. टर्बो मुळातच हवा दाबून गरम करतो, त्यात ही आधीच गरम. ऊन वाढलं तशी ओढ गेली, धूर वाढला, डिझेल जास्त लागू लागलं.

मकबूलभाई आले. "उस्ताद, सकाळी मस्त ओढती. दुपारी चढाला लई दम टाकती. गरम हवा पिऊन राहिली काय?"

अगदी बरोबर ओळखलं होतं त्यांनी. आणि मी? — चार गिऱ्हाइकांपुढे म्हणालो, "मग कूलर लावा की तिला!" सगळे हसले. तेही हसले.

मग मालक आला. मकबूल डिझेल काढून विकतो का, हे त्याला माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं. फुटका पाइप माळ्यावर पडला होता. चोराच्या मनात चांदणं — माझी नजर वर जाईना. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "गाडीत तर काही दोष न्हाई."

मकबूलभाईंना चोर म्हणून काढलं. रेणापुरात पुन्हा कुणी त्यांच्या हाती चावी दिली नाही.

आठवड्याने नवा ड्रायव्हर जीप घेऊन आला, तेव्हा मी गुपचूप नवा पाइप बसवला. गाडी पळू लागली. मालक खूश — "बघा, ड्रायव्हर बदलला अन् गाडी सुधरली!" मी मान डोलावली. आधी भीतीने बोललो म्हणावं, तर मान डोलावताना कसली भीती होती?

मकबूलभाई आता गंजगोलाईच्या बाजारात हातगाडी ढकलतात. दिसले की तेच आधी सलाम करतात. मी तो घेतो.