तेजाबाचं भाडं आणि तीन दिवसांची शाळा

जालन्यातून सळई भरून सोलापूरकडं जायचं आणि येताना तेजाबाचे, म्हंजी अ‍ॅसिडचे, ड्रम घेऊन यायचं, असं मी कितीतरी वर्षं केलं. ट्रक माझा एकट्याचा. मालक मीच, ड्रायव्हर मीच, चाक खोलून पंक्चरवाल्यापुढं टाकणाराही मीच. जालन्यात तारेचे कारखाने, तिथं लोखंडाचा गंज काढायला तेजाब लागतं. असला माल भरायला बरेच जण नाखूश असत, म्हणून त्याचं भाडं चांगलं होतं, आणि परतीला गाडी रिकामी यायची न्हाई.

नव्वदीनंतर केव्हातरी भाडं मिळवून देणारा बुकिंगवाला म्हणाला, "मामा, आता तेजाबाच्या गाडीला लायसनवर शिक्का लागतो. औरंगाबादेला तीन दिवसाचं ट्रेनिंग हाय. जाऊन या."

"काय शिकवणार तिथं?"

"तेजाब कसं न्यायचं ते."

"मी आणलेलं तेजाब तुझ्या बापानं उतरून घेतलंय. आन् मला आता शिकवणार व्हय?"

चहाच्या टपरीवरचे सगळे हसले. मीही हसलो. आता खरं सांगतो. मी दुसरी पास. तिसरीत गेलो आणि गुरं राखायला लागलो. मराठी पाटी अक्षर लावून वाचतो, तेवढंच. पन्नाशीच्या माणसानं बाकावर बसून चारचौघांत अडखळत वाचायचं, याचीच मला धास्ती होती. ते मी कुणाला सांगितलं न्हाई. सांगायचो काय, तर तीन दिवस गाडी उभी राहिली तर माझं कोण बघणार? कंपनीच्या ड्रायव्हरचा पगार चालू राहतो, माझं चाक थांबलं की चूल थांबती. हे खोटं नव्हतं. पण माझं खरं कारण ते नव्हतं.

बुकिंगवाल्यानं मंग तोड काढली. कागदावर शिक्केवाल्या ड्रायव्हरचं नाव लिहायचा, गाडी मी चालवायचो. मलाही त्यात काही गैर वाटलं न्हाई, उलट मान राहिल्यासारखं वाटलं.

भरणी झाली की कारखान्याच्या गेटवर एक कार्ड हातात द्यायचे. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी. "जवळ ठेवा, बाबा." मी ते बाकीच्या कागदांत खोचून टाकायचो. वाचलं असतं तर वाचता आलं असतं. वेळ लागला असता, एवढंच.

तेव्हा आमच्या रस्त्यानं भरल्या गाडीत सवारी घ्यायची रीत होती. एसटीचा भरवसा नसायचा. फाट्यावर ओळखीचं माणूस उभं दिसलं आणि तुम्ही गाडी थांबवली न्हाई, तर ती गोष्ट गावात वरीसभर पुरायची. एकदा दुपारचा वडीगोद्रीला आलो तर माझी चुलत बहीण उभी. तिकडच्याच एका खेड्यात दिलेली. लेकीकडं अंबडला निघालेली. केबिनमध्ये आधीच शहागडचे दोघं बसलेले होते.

"दादा, मी माघं बसते. परक्या गड्यांत कुठं दाटीवाटी करू."

"माघं तेजाब हाय गं."

"ड्रमात हाय ना? मला काय पेयचंय का ते?"

मी तिला हात देऊन वर चढवली. ती एका ड्रमाला टेकून खाली बसली. त्या ड्रमाचं बूच सैल होतं. ते मी भरताना बघायला पाहिजे होतं.

दोन-तीन मैल गेलो असेल, तोच केबिनच्या माघून धपाधप थापा. "दादा, थांबव! माझा पाय पेटला!" उतरून बघतो तर गचक्यानं बुचातून तेजाब सांडलेलं, लुगड्याच्या काठाची चाळण झालेली, घोट्यापासून खाली पाय लाल, वरची कातडी सुटायला लागलेली.

ब्याटरीचं पाणी हातावर उडालं की आम्ही ड्रायव्हर लोक तंबाखूच्या डबीतला चुना चोळायचो. माझ्या उस्तादानं मला तेच दाखवलं होतं आणि मी वीस वर्षं तेच करत आल्तो. एका थेंबाला ते चालून जायचं. मी डबी काढली आणि होता तेवढा चुना तिच्या पायावर थापला. ती अशी ओरडली की शहागडचा एक जण घाबरून म्हणाला, "मामा, पाटाला पाणी हाय, पाणी टाकू का?"

रस्त्याला लागून जायकवाडीचा पाट, भरून चाललेला. वीस पावलंसुद्धा नसतील.

"तेजाबावर पाणी टाकलं की भडकतं," मी म्हणालो. "मला शिकवू नका."

अंबडच्या दवाखान्यात तिला उचलून नेली. पाय राहिला. दोन बोटं एकमेकाला चिकटली ती चिकटलीच, आणि चाल कायमची तिरपी झाली. पण पट्टी बांधून घेता घेताच ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून राह्यली होती, "दादा होता म्हणून माझा पाय वाचला. त्यानं जल्दी इलाज केला." मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. खिशात ते कार्ड होतं. डॉक्टरला दाखवायला म्हणून काढलेलं, दाखवायचं राहून गेलं. आता अक्षर लावत लावत वाचलं. अंगावर पडल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने बराच वेळ धुवा. दुसरे काही लावू नका. दोनदा वाचलं.

पुढच्या महिन्यात गाडी घरी लावली आणि औरंगाबादेला गेलो. तिथला कारकून म्हणाला, "चाचा, तिन्ही दिवसाच्या सह्या आत्ताच करा आणि जा. सगळे तेच करतात." खरंच, निम्मे ड्रायव्हर सह्या करून गेले. मी म्हणालो, मी बसणार. येड्याकडं बघावं तसा तो माझ्याकडं बघत राहिला.

मला उभं करून वाचायला लावलं. एक ओळ वाचायला मला किती वेळ लागला असेल, सांगवत न्हाई. माघून कुणीतरी फिसकन हसलं. शिकवणारा साहेब थांबून राहिला, पुढचा शब्द त्यानं सांगितला न्हाई. खाली बसलो आणि मंग मीच विचारलं, "साहेब, ड्रममध्ये पाणी टाकू नका म्हणता, आन् माणसावर टाका म्हणता. हे कसं?"

"ड्रममध्ये थोडं पाणी पडलं की ते उकळतं आणि अंगावर उडतं. माणसावर थोडं टाकायचंच नाही, धो धो टाकायचं. सगळं वाहून गेलं पाहिजे."

"आन् चुना?"

"चुना लावला तर जागेवरच भट्टी पेटते, काका."



शिक्का मिळाला. आता माझ्यासारखे एका गाडीचे मालक विचारतात, हे ट्रेनिंग करावं का? मी म्हणतो, करा, आणि बसून करा. तीन दिवसाचं नुकसान होतं, ते कुणी भरून देत न्हाई, हेही सांगतो. पटलं तर जातात, न्हाई तर सह्या करून येतात. सांगून सांगून आता मलाच कंटाळा आलाय.

बहिणीकडं जायला मला आणखी दोन महिने लागले. ती ओसरीवर तूर निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की पाणी टाकायला पाहिजे होतं, पाट शेजारी होता, चुन्यानं जास्ती भाजलं, आणि हे सगळं लिहिलेला कागद गाडीतच होता.

तिचा हात थांबला.

"म्हंजी तुला शाळेत बसवायला माझा पाय लागला."

"व्हय."

"बस. उभा का," ती म्हणाली, आणि परत खडे काढायला लागली.

दादानं पाय वाचवला, असं ती तोवर भेटंल त्याला सांगायची. त्या दिवसानंतर तिनं ते कधी कुणाला सांगितलं न्हाई.