शंभरावी बाटली आडवी

माझ्या वहीत शंभर बिअरच्या नोंदी आहेत आणि त्यातल्या बहुतेक खोट्या आहेत. हे आधीच सांगून टाकते.

आमचं घर आडव्या बाटलीचं. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर बायकांचं मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर दुकान राहतं, आडवीवर मारला तर जातं. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, या मतदानांसाठी पत्रकं लिहायचे आणि आई ती घेऊन मुळशीभर दारोदार फिरायची. घरात डब्यांखाली पत्रकं, फडताळात पत्रकं. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या गठ्ठ्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर. तिसरीत असताना मी स्वतःचं पहिलं पत्रक काढलं, गुरुजींच्या तंबाखूविरुद्ध, आणि शाळेच्या हापशाला चिकटवलं. गुरुजी ते घेऊन घरी आले. दादांनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि कागद मला परत तिथेच चिकटवायला लावला.

मागच्या वर्षी दादा गेले. झोपेत गेले. मी रडले नाही, कामाला लागले. तेराव्याच्या जेवणात मला लाडू आणि भात यांच्यात फरक कळेना. दमले असेन, असं वाटलं. महिना गेला तरी तसंच. मीठ कळायचं, मिरची झोंबायची, पण चव म्हणून जे असतं ते नव्हतं. डॉक्टरांनी जीभ पाहिली, नाक पाहिलं, सगळं ठीक आहे म्हणाले. वेळ द्या, म्हणाले. मी वेळ दिला. डबा खायचे, तो रिकामा व्हायचा, एवढंच.

मी माणमध्ये खोली घेऊन राहते. आधी तिथे भाताचं खाचर होतं, आता तीन मजले खोल्या आहेत. जवळच्याच कंपनीत यंत्रं कशी चालवावीत याच्या पुस्तिका लिहिते. ऑफिसातल्या एका मैत्रिणीला बढती मिळाली म्हणून आम्ही बावधनला, जिथे बिअर तिथल्या तिथे बनवतात अशा एका हॉटेलात गेलो. "तू नुसती बस," ती म्हणाली. मी नुसतीच बसले होते. मग तिच्या ग्लासातला एक घोट घेतला. त्यात बंड वगैरे काही नव्हतं. समोर होता, घेतला.

कडू लागला. चार महिन्यांनी तोंडात काहीतरी घडलं होतं. मी उठून बेसिनकडे गेले आणि आरशात जीभ बाहेर काढून पाहिली.

त्याच आठवड्यात वही आणली. शंभर वेगवेगळ्या बिअर चाखायच्या, असं ठरवलं. मला कुठलीही गोष्ट नियमांशिवाय करता येत नाही. तेव्हा नियम केले: एका वेळी एकच, लहान ग्लास. तीच बिअर पुन्हा नाही. झिंग येईपर्यंत कधीच नाही. आणि ग्लास संपायच्या आत चवीचे निदान तीन शब्द लिहायचे. शंभरपर्यंत कुठेतरी चव परत येईल, असा माझा हिशोब होता. आईला सांगायचं नाही, हा नियम वहीत लिहिला नाही, पण तोही होता.

दुसरी बिअर कडू लागली नाही. तिसरीही नाही. मी बावधनला गेले, महाळुंग्यात नव्या इमारतींच्या मधे उघडलेल्या दोन ठिकाणी गेले, दुकानांतून बाटल्या आणल्या. गव्हाची, काळी, धुरकट, कोकम घातलेली, आंबा घातलेली. वेटर विचारायचा, "मॅडम, कैसी लगी?" मी म्हणायचे, छान. वहीत लिहायचे: 'संत्र्याची साल, धणे, हलकी.' हे शब्द समोरच्या फळ्यावर खडूने लिहिलेले असायचे. 'भाजलेली कॉफी, गूळ, जडपणा.' हे बाटलीच्या पाठीवर छापलेलं असायचं. चाळिसाव्या बिअरच्या आसपास माझ्या लक्षात आलं की मी आधी लिहिते आणि मग पिते. पत्रकवाल्याच्या घरात हेच शिकवतात. शेवटची ओळ आधी ठरते, तिच्याकडे नेणारा मजकूर नंतर येतो. मला त्याची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. तेही मी एका बाजूला टिपून ठेवलं आणि पुढच्या आकड्यावर गेले.

शंभरावी मात्र मी आधीच आणून ठेवली होती. तिच्या लेबलवर भाताची लोंबी होती आणि खाली छापलं होतं, 'मुळशीच्या आंबेमोहोर तांदळापासून.' आमच्या घरचं भात आंबेमोहोर. आई भात शिजवते तेव्हा वास रस्त्यापर्यंत येतो. ही तरी कळेल, असं वाटायचं.

नव्व्याण्णवावी झाली त्या आठवड्यात आईचा फोन आला. आमच्या फाट्यावर बिअरचं दुकान चालतं, तिथेच एसटीचा थांबा आहे, तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या पोरी तिथे उभ्या राहतात. बायकांनी सह्या केल्या होत्या, मतदान लागलं होतं.

"पत्रक तू लिव," आई म्हणाली. "आन् येताना दोन रिकाम्या बाटल्या आन. तुझा बाप घाटातनं येचून आनायचा."

हे खरं होतं. सुट्टीला धरणाकडे येणारे लोक रस्त्याकडेला बाटल्या फेकतात. दादा त्या गोळा करून धुवायचे. मग आई वस्तीवस्तीवर एक परात मांडायची, तिच्यात एक बाटली उभी, एक आडवी ठेवायची आणि शिक्का कुठे मारायचा ते करून दाखवायची.

दुकान बंद व्हायला नुसतं जास्त मतं पडून भागत नाही. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारावा लागतो. जी घरी बसते ती न येताही दुकानाच्या बाजूने मोजली जाते. म्हणून प्रत्येक दार महत्त्वाचं. दादांशिवाय आईचं हे पहिलंच मतदान होतं. गावात बोललं जायचं की डोकं त्यांचं होतं, बाई नुसती हिंडायची. हरली असती तर आई पुन्हा घराबाहेर पडली नसती. हे ती म्हणाली नाही, मला माहीत होतं.

शनिवारी मी नव्व्याण्णवावी रिकामी बाटली आणि शंभरावी भरलेली पिशवीत घातली. वाटेत धरणाच्या पाण्याकडेला उतरायचं, शंभरावी पिऊन संपवायची, नोंद करायची, आणि दोन्ही रिकाम्या आईला द्यायच्या, असं ठरवलं होतं. गाडीत बसायला जागा मिळाली, खिडकी मिळाली. उतरायची जागा आली आणि गेली. मी पाहत होते. उठावंसं वाटलं नाही.

फाट्यावर आई दोन बायकांबरोबर उभीच होती. पिशवी तिने माझ्या हातून काढून घेतली आणि आम्ही थेट वरच्या वस्तीवर गेलो. देवळासमोर वीस-पंचवीस बायका बसल्या होत्या. आईने परात मांडली. पिशवीतून एक बाटली काढून उभी केली, दुसरी आडवी. बोलायला सुरुवात केली, बायकांकडे बघत, परातीकडे न बघता. मी मागे उभी होते. आडवी ठेवलेल्या बाटलीत पिवळं पाणी हळूच एका बाजूला सरकलं.

पुढे बसलेल्या एका म्हातारीला आईने बोलावलं. "मावशे, ये. कुटं मारशील शिक्का?"

म्हातारीने दोन्ही बाटल्या नीट पाहिल्या आणि उभ्या बाटलीवर बोट ठेवलं.

"अगं, हिच्यावर न्हाई, आडवीवर!"

"आडवी भरलेली हाय की," म्हातारी म्हणाली. "भरलेली आडवी कशापाय करायची? सांडून वाया जाईल."

"भरलेली कुठली, रिकामी हाय."

"माझं डोळं गेल्यात का तुजं?"

आईने वाकून बाटली उचलली. मग माझ्याकडे पाहिलं. मागून एक जण म्हणाली, "ताई, लेकीनं पुन्याचा परसाद आनला वाटतं!" हशा झाला. दुसरी म्हणाली, "आमच्या घरात तर बाटली उभी आन् मानूस आडवा!" पुन्हा हशा. त्या हशात मतदान हातातून जात होतं आणि ते मी घालवलं होतं, हे मला कळत होतं. कळत होतं, एवढंच.

आईने हसू ओसरू दिलं. मग ती बाटली पुन्हा परातीत ठेवली, आडवी, जरा जोरातच.

"बरूबर हाय मावशीचं," ती म्हणाली. "आजवर आमी रिकामी आडवी करून दावत आलो. रिकामी काय, कुणीबी करंल. प्यालेलाबी करतो. भरलेली आडवी करायची हाय. दुकान भरलेलं असताना. हाय का हिंमत?"

म्हातारीने थोडा विचार केला. मग बोट उचलून आडव्या बाटलीवर ठेवलं. "व्हय, तर मग हितं."

घरी येईपर्यंत आई माझ्यापुढे चार पावलं चालत राहिली. चूल पेटवली, भाताचं आधण ठेवलं, मग म्हणाली, "किती?"

"नव्व्याण्णव."

"रोज एक?"

"न्हाई. वर्षभरात."

"तुझा बाप गेल्यापासनं?"

"व्हय."

"बरी लागती?"

"कळत न्हाई. मला जेवनबी कळत न्हाई, आई."

तिने तांदूळ वैरले. बराच वेळ ढवळत राहिली. "तुझ्या बापानं सारा जन्म दारूवर लिवलं," ती म्हणाली, "आन् एक थेंब चाखला न्हाई. म्या म्हनायची, निस्तं ऐकून लिवतायसा. तर रागवायचं." मग ताट वाढलं. "पत्रक लिव. पर बापासारकं नको. जे तुला म्हाईत हाय तेवडंच."

मी ओसरीवर बसले. 'माता-भगिनींनो' लिहिलं आणि खोडलं. 'संसाराची राखरांगोळी' लिहिलं आणि खोडलं. दादांची पत्रकं 'आम्ही गावच्या महिला' अशी सुरू व्हायची आणि लिहिणारा पुरुष असायचा. त्याचा मला पहिल्यांदाच राग आला, दादा गेल्यानंतरचा पहिला राग, आणि तो लगेच विझलाही. शेवटी सात ओळी उरल्या. मी नव्व्याण्णव बिअर चाखल्या आहेत. बिअर पिणारी बाई वाईट असं मी लिहिणार नाही, पुरुषही नाही. पण मी जिथे प्यायले तिथे माझ्या मर्जीने गेले आणि माझ्या मर्जीने निघाले. आमच्या फाट्यावर पोरी एसटीची वाट बघतात आणि त्यांना दुसरा थांबा नाही. दुकान तिथे हवं की नको हे दुकानदाराने ठरवलं, आम्हाला विचारलं नाही. आता विचारतायत. घरी बसू नका.

आईने चष्मा लावून दोनदा वाचलं. पहिल्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"ह्यानं माजं नुस्कान व्हईल."

"काढू?"

"खरं हाय ना?"

"हाय."

"मग ऱ्हाऊ दे. आन् खाली सई कर. बापानं कदी क्येली न्हाई."

पत्रकं वाटली. फाट्यावर दुकानदाराने आईला हटकलं, "ताई, लेकीला एक पेटी पाठवू का घरी?" आई न थांबता म्हणाली, "पाटव की. आडवी करून ठिवती." भरलेली बाटली आईबरोबर वस्त्यावस्त्यांवर फिरली, उन्हात, जीपच्या टपावर, परातीत. मी आठवडाभर सुट्टी काढून तिच्यामागे चालले. काही दारं आमच्या तोंडावर बंद झाली. एकीने पत्रक परत दिलं, लेक पिते आणि आई शहाणपण शिकवते, म्हणाली. आईने ते घडी घालून कमरेला खोचलं आणि पुढच्या दारात दिलं.

मतदानादिवशी मी रांगेत उभी राहिले. माझं नाव अजून गावच्याच यादीत आहे. माझ्यापुढे ती वस्तीवरची म्हातारी होती, बाहेर येऊन तिने मला शाई लावलेलं बोट दाखवलं. मी आत गेले, आडवीवर शिक्का मारला. शिक्का जरा पुसट उमटला, मी कागद उजेडात धरून पाहिला.

आडवी झाली. निम्म्याच्या वर फार नाही, पण वर. बायकांनी गुलाल उधळला, आईला उचलायला निघाल्या, ती ओरडली, "पाडशिला गं!" मी टाळ्या वाजवल्या. माझे हात वाजत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने परात घासून उपडी ठेवली आणि बाटली माझ्यासमोर आणून ठेवली. "ही तुजी ऱ्हायलीय."

मी ओसरीच्या कडेला बसून झाकण काढलं. इतके दिवस हिंदकळलेली बाटली, फेस उसळून अंगणात गेला. कोंबड्या पळाल्या. तळाशी चार घोट उरले. मी एक घेतला. कोमट होता. मग थोडा कडू.

आईने हात पुढे केला. तिला बाटली दिली. तिने ती नाकाजवळ धरली, लेबलवरची लोंबी पाहिली, पुन्हा वास घेतला, तांदूळ विकत घेताना घेते तसा, डोळे मिटून.

"हेच्यात आंबेमोहोर न्हाई," ती म्हणाली. "दुसराच कुटलातरी तांदूळ हाय."

मी वही उघडली. शंभर असा आकडा घातला आणि लिहिलं: कोमट, थोडी कडू. आंबेमोहोर नाही. शेवटचे दोन शब्द माझे नव्हते, म्हणून पुढे लिहिलं, आईने सांगितलं. मग मागे जाऊन पहिलं पान काढलं आणि ज्या नोंदी फळ्यांवरून आणि बाटल्यांवरून उतरवल्या होत्या त्या एकेक खोडायला घेतल्या. आत चुलीवर भात होता. तो शिजेपर्यंत मी चाळिसाव्या नोंदीपर्यंत आले होते.