तिसऱ्या चढाईला कमल

"सांग बरं, तू काय केलं असतं?"

असं म्हणून सर शर्टाच्या खिशात हात घालायचे आणि सात चिंचोके बाहेर काढायचे. सहा तपकिरी, एक पायरीवर घासून पांढरा केलेला. तपकिरी म्हणजे समोरचा संघ, पांढरा म्हणजे आपली चढाई करणारी. मग समोर जे असेल त्याचं मैदान व्हायचं. स्कूटरची सीट, चहाच्या टपरीचं बाकडं, प्राचार्यांच्या टेबलावरची काच. एकदा अकोल्याहून अमरावतीला जाताना एस.टी.च्या मागच्या सीटवर त्यांनी असाच डाव मांडला. कंडक्टर तिकीट द्यायला आला आणि तिथेच वाकून बसला. बडनेऱ्याला उतरायचे लोक ओरडायला लागले तेव्हा त्याला घंटीची आठवण झाली. आम्ही उतरताना तो सरांना म्हणाला, "मास्तर, तुमी चुकलेच पन." सर इतके खूश झाले की त्याच्या पाठीवर थाप मारून आले.

तुम्हीही असा माणूस कुठेतरी पाहिला असेल, ज्याला आपण चुकलो असं कुणी सांगितलं की राग येण्याऐवजी भूक लागते. आमचे सर तसे होते.

अकोल्याच्या ज्या कॉलेजात मी शिकले तिथे ते खेळ शिकवायचे. पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यांवर मैदान आखायच्या चुन्याचे डाग, गळ्यात शिट्टी आणि शिट्टीला पायजम्याची नाडी. मुलींची कबड्डी त्यांनीच सुरू केली होती. सराव संपला की आम्हाला गोल बसवायचे आणि त्या दिवशीचा स्वतःचाच एखादा निर्णय खटल्यासारखा उभा करायचे. फक्त "सर, बरोबर केलं" म्हणणाऱ्या मुलीला ते म्हणायचे, "तू घरी जाऊन झोप." आणि एखादी नुसतीच "हरलो म्हणजे चुकलंच ना" म्हणाली, की ठरलेलं वाक्य यायचं: "निकाल येगळा, निर्णय येगळा. निकाल पाहून कोनी बी शहाना होते."

मी पातूरच्या पलीकडच्या एका खेड्यातली. आमची पाच पिढ्यांची भाजीची वाडी. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मोठ्या माणसासमोर मान वर करून "तुमचं हे पटलं नाही" असं म्हणायचं असतं, हे मी शाळेत शिकले नाही, घरी तर नाहीच नाही. ते मी त्या गोलात शिकले. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा माझा आवाज मला स्वतःलाच परका वाटला होता.

कॉलेजच्या वसतिगृहात मला जागा मिळाली ती खेळाडू म्हणून. बाबांनी तेवढ्याच बोलीवर पाठवलं होतं. खोली असेपर्यंत शिक्षण. खोली गेली की गावी, आणि गावी गेलं की दोन स्थळं आधीच येऊन बसलेली होती. हे सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझं काय पणाला लागलं होतं ते तुम्हाला कळावं.

दुसऱ्या वर्षी आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचलो. सामना अमरावतीला होता. शेवटच्या मिनिटाला आम्ही तेवीस, त्या चोवीस. आमच्या आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या, दोन्ही माझ्याच. दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारी बाद आणि गुण समोरच्यांना. घड्याळात त्या एका चढाईपुरताच वेळ उरला होता.

समोर सहा जणी होत्या. सहा असल्या की बोनस घेता येतो. आतली रेषा एका पायाने ओलांडायची, दुसरा पाय हवेत, की एक गुण. बरोबरी. बोनस म्हणजे माझाच हातखंडा. त्या सामन्यात मी चार घेतले होते. मी पायाला माती लावून तयार उभी होते.

सरांनी टाइम-आउट घेतला. अर्धं मिनिट. ते माझ्याकडे आले नाहीत. ते कमलकडे गेले.

कमल आमची डाव्या कोपऱ्यातली पकड करणारी. चढाईला ती आख्ख्या स्पर्धेत एकदाही गेली नव्हती. उंच, अबोल, आणि हात असे लांब की सर म्हणायचे, ही आपल्या वावरात उभी राहून शेजाऱ्याच्या तुरीच्या शेंगा तोडेल. सर तिला म्हणाले, "बोनसकडे पाहू बी नोको. उजव्या कोपऱ्यातल्या दोघी हात धरून उभ्या राह्यतात. त्या हाताच्या जोडावर मार. एका फटक्यात दोघी." दोघी म्हणजे दोन गुण. दोन गुण म्हणजे सामना आमचा.

कमल गेली. तिने हाताच्या जोडावर मारलं, अगदी नीट, आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मग वळली. तेवढ्यात तिचा घोटा एकीच्या हाती सापडला. तरी ती दोघींना ओढत आली. मध्यरेषेकडे हात टाकला आणि हात पडला तो रेषेच्या एक बोट अलीकडे. तेवढ्यात शिट्टी झाली.

तेवीस-पंचवीस. हरलो.

परतीच्या गाडीत मी सरांशी बोलले नाही. सरांनी चिंचोके काढले, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत राहिले. कमल मात्र त्यांच्यासमोर बसली आणि कुठे पाय टाकला, कुठे वळले, ते मूर्तिजापूर येईपर्यंत दाखवत होती. रडली नाही. मला तिचाही राग आला.

अकोल्यात आल्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मेसमधल्या मावशीसुद्धा पोळी वाढता वाढता विचारायच्या, "का वं, तुले सोडून तिले कावून पाठोलं?" मी म्हणायचे, सरांनाच विचारा. मग संस्थेच्या सचिवांनी विषय उचलला. त्यांना आमच्या मैदानावर दुचाक्यांसाठी शेड बांधायची होती. शेडचा नकाशाही तयार होता. हातातला कप घालवणाऱ्या संघासाठी एवढी जागा कशाला, असं त्यांनी बैठकीत मांडायचं ठरवलं. संघ बंद, तर खेळाडूंच्या खोल्याही बंद.

प्राचार्य चांगले गृहस्थ होते. त्यांनी मला बोलावून सांगितलं की अंतिम सामन्यात माझा गुडघा दुखत होता, असं मी लिहून द्यावं. गुडघ्याला पट्टी होतीच, फोटोत दिसत होती. म्हणजे सरांना दुसरा इलाजच नव्हता असं होईल आणि विषय मिटेल. मला ते फार सोयीचं वाटलं. खोली वाचणार होती. शिवाय, खरं सांगते, मला सोडून दुसरीला पाठवलं ही गोष्ट गुडघ्यावर टाकता येत होती. मी सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं आणि आधी सरांना दाखवायला नेलं.

सर मैदानाला चुना मारत होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "गुडघा दुखत व्हता का?"

मी म्हटलं, पट्टी सवयीची होती.

"मंग तुया गुडघ्यासाठी नाई पाठोलं मी तिले. जिंकासाठी पाठोलं." पत्र परत माझ्या हातात देत ते म्हणाले, "द्याचं का नाई ते तुयं तू ठरव. माया तोंडून मातर हे येनार नाई."

एवढंच. फाडलं नाही, रागावले नाहीत. मला वाटतं फाडलं असतं तर बरं झालं असतं.

बैठकीला मला साक्षीसाठी बोलावलं होतं. दाराजवळच्या स्टुलावर मी बसले होते, पत्र ओढणीच्या आत घडी करून. टेबलाच्या टोकाला अध्यक्षसाहेब होते. संत्र्याचे मोठे बागायतदार, तरुणपणी गावोगाव हुतूतू खेळलेले. त्यांनी तो अंतिम सामना पहिल्या रांगेतून पाहिला होता. सचिवांनी नकाशा उलगडला. प्राचार्य माझ्याकडे बघून म्हणाले की या मुलीला गुडघ्याचा त्रास होता, ती सांगेल.

सगळे माझ्याकडे वळले. सर खिडकीतून मैदानाकडे बघत होते. मला वसतिगृहातला माझा कोपरा आठवला, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल आठवला. आणि मी म्हणाले, "नाही. गुडघा बरा होता."

प्राचार्यांनी डोळे मिटले. सचिवांनी पेन उघडलं.

आता सर वळले. "साहेब, आता हिले हेबी इचारा, मी चुकलो का नाई."

अध्यक्षांनी विचारलं. मी उभी राहिले. त्या खोलीत माझ्याहून लहान कुणी नव्हतं, आणि बाई तर दुसरी नव्हतीच. मी म्हणाले, "सर चुकले. बोनस घ्यायला पाहिजे होता. बरोबरी झाली असती, पुढे लढलो असतो."

सरांचा चेहरा मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. एस.टी.तल्या कंडक्टरला थाप मारतानाचाच तो चेहरा होता.

"हे पोट्टी बरोबर बोलून राह्यली," अध्यक्ष म्हणाले. "मी बी तेच म्हनतो. कावून नाई घेतला बोनस?"

सरांनी खिशात हात घातला. शेडच्या नकाशावर सहा तपकिरी चिंचोके मांडले, पांढरा हातात धरला. "बरोबरी झाली. मंग काय होते? दोघाइले पाच-पाच चढाया. अन् पाची येगयेगळ्या पोरीनं कराच्या. आमच्या पाच जनीइचे नाव सांगा, साहेब. तुमी सामना पाह्यला हाय."

अध्यक्ष बोटं मोजू लागले. पहिलं बोट माझं. दुसऱ्यावर थोडा वेळ गेला. तिसऱ्यावर ते बराच वेळ थांबले.

"त्याइच्याकडे चार खऱ्या व्हत्या," सर म्हणाले. "मायाकडे हे एक. बरोबरी म्हनजे हारनंच, फक्त दहा मिनिटं उशिरा."

"तरी मंग हिलेच धाडाची ना दोन गुनासाठी."

"हिचे दोन डाव रिकामे गेले. काहून? सहाच्या सहा जनी हिच्या पायाकडे पाहून राह्यल्या व्हत्या. कमलचा अभ्यास कोनीच केला नवता. सहामंधून एकीनं बी नाई."

मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. गाडीत ऐकलं नव्हतं म्हणून.

सचिवांनी आयुष्यात कबड्डी पाहिली नसावी. तेही पुढे वाकले आणि म्हणाले, मग त्या उजव्या कोपऱ्याऐवजी डाव्या बाजूला का नाही? सरांनी त्यांच्यासाठी चिंचोके परत मांडले. प्राचार्यांचा चहा निवला. अध्यक्ष उठून टेबलाच्या या बाजूला आले आणि पांढरा चिंचोका स्वतःच फिरवू लागले. तासाभराने शिपाई दिवे लावून गेला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, शेडचं पुढच्या बैठकीत पाहू. दारापर्यंत जाऊन परत वळले. "पन मास्तर, बोनस घ्याले पाह्यजे होता."

ती पुढची बैठक अजून झालेली नाही. त्या कॉलेजात दुचाक्या आजही उन्हातच तापतात.

पुढच्या वर्षी आम्ही उपांत्य फेरीतच हरलो, हेही सांगायला हवं. सरांनी त्याचाही खटला चालवला. पण खोली राहिली, मी पदवीधर झाले. आज अमरावतीत राजापेठेजवळच्या शाळेत मी खेळ शिकवते. बाबा कुणालाही माझी ओळख करून देताना "आमच्या घरची पहिली" असं म्हणतात. मी दरवेळी मनात सरांचं नाव घेते. सर निवृत्तीनंतर कधी अमरावतीला आले की माझ्या ऑफिसात चिंचोके मांडायचे, आणि मी दरवेळी बोनसचीच बाजू घ्यायचे. त्यांचं मला केव्हाच पटलं होतं. पण "पटलं" म्हटलं असतं तर ते मला घरी जाऊन झोप म्हणाले असते.

या उन्हाळ्यात सर गेले. तिसऱ्या दिवशी मी अकोल्याला त्यांच्या घरी गेले. कमल आली होती. ती आता कौंडण्यपूरकडे असते, स्वतःची शेती बघते, हात अजून तेवढेच लांब. सरांशी बोनसवरून वर्षानुवर्षं भांडलेले अध्यक्षसाहेब काठी टेकत आले आणि खुर्ची नको म्हणून खाली फरशीवर बसले. सरांच्या पत्नींनी एक वाटी आणून मध्ये ठेवली. "खुंटीवरच्या शर्टात सापडले. आता तुमीच काय ते पाहा."

 अध्यक्षांनी वाटीतले चिंचोके फरशीवर मांडले. दोन फरश्यांमधली सांध म्हणजे मध्यरेषा. पांढरा चिंचोका त्यांनी सांधेच्या एक बोट अलीकडे ठेवला आणि म्हणाले, "बोनस घ्याले पाह्यजे होता."

आणि थांबले. इतक्या वर्षांच्या सवयीने, उत्तरासाठी.

खुंटीवर शर्ट होता. उत्तर द्यायला कुणी नव्हतं. मी म्हणाले, "पाच जणींची नावं सांगा, काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोटं मोजायला हात उचलला, मग खाली घेतला. डोळे पुसून त्यांनी एक बोट पांढऱ्या चिंचोक्यावर ठेवलं आणि तो हळूच रेषेपलीकडे सरकवायला लागले.

कमलने लांबूनच हात पुढे केला आणि त्यांचा हात धरला.

"राहू द्या, काका," ती म्हणाली. "मी तिथंच व्हती."