उत्तरेकडून आलेल्या पाकोळ्या

इकडे परदेशात, विंडसरच्या मोटारींच्या प्लांटमधून ले-ऑफ मिळून नोकरी गेली त्या वर्षी ऑगस्टभर मी रोज दुपारी नुसता चालत असे. घरात थांबलं की पुण्याहून फोन यायचे आणि सांगण्यासारखं काहीच नसायचं.

मागच्या गल्लीतल्या एका बॅकयार्डात उंच खांबावर पक्ष्यांसाठी पांढरं, बारा खोल्यांचं घर होतं. पर्पल मार्टिन नावाच्या जांभळट पाकोळ्या उन्हाळ्यात तिथे राहत. मालकीण सत्तरीची, गुडघ्यांनी हैराण झालेली बाई. ती दोरी सोडून ते घर खाली घ्यायची आणि एकेक खोली जुन्या ब्रशने साफ करायची.

एकदा मी कुंपणाशी थांबून विचारलं, "तुमचे पक्षी गेले ना आता?"

"माझे केव्हाच गेले." तिने तारेवरच्या तीन-चार पाकोळ्यांकडे बोट दाखवलं. "हे उत्तरेकडचे, कुणाचे कोण जाणे. एक-दोन दिवस टेकतात. त्यांना पार ब्राझीलला जायचंय."

"मग त्यांच्यासाठी एवढी झाडलोट?"

"दमून आलेल्याला घाणेरडी खोली द्यायची का?"

मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं, गेट उघडलं आणि एक खुर्ची पुढे सरकवली. मी बसलो. ती काहीच न विचारता कामाला लागली. कित्येक आठवड्यांत धड झोपलो नव्हतो. तिथे बसल्या बसल्या डोळा लागला.

जागा झालो तेव्हा बागेतली मोठी छत्री माझ्या डोक्यावर होती, आणि ती स्वतः उन्हात उभी होती.