तिथला कफील

आखातात, अल सुलैतल्या आमच्या गोदामात एसी दुरुस्त करायला येणाऱ्या त्या चिपळूणच्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. फोन धरण्याआधी तो बोटं फडक्याला दोनदा पुसायचा. त्याची मुलगी अमेरिकेत शिकत होती आणि भावाच्या लग्नाला गावी यायचं म्हणत होती.

एकदा त्याने फोन माझ्यापुढे धरला. "साहेब, राष्ट्राध्यक्षांनी परदेशी विद्यार्थ्यांना अडवायचा हुकूम काढला, न्यायाधीशाने तो थांबवला, आता वरचं कोर्ट बघतंय. पोरगी आली तर तिला परत आत घेतील ना?"

"सांगता येत नाही."

"असं कसं? इथे आपलं सगळं व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, कफीलच्या हातात. तो हो म्हणाला की जायचं, नाही म्हणाला की बसायचं. तिथला कफील कोण?"

"तसा एक कुणी नसतो. एकाचा हुकूम दुसरा अडवू शकतो."

"हे बरं आहे की!" तो हसला. मग थांबून म्हणाला, "पण विमानतळावर यातलं कोण उभं असतं?"

त्याने तिथूनच मुलीला फोन लावला. "बाय, तू येऊ नको. लग्न व्हिडिओवर बघ."

फोन खिशात टाकून त्याने मला विचारलं, "बरोबर सांगितलं ना?"