बंदीच्या महिन्यांचे हप्ते

"मागे सरका, वास येतोय," हप्ते घेणारा साहेब म्हणाला. टेबलावरची सुगंधी फवाऱ्याची बाटली उचलून त्यानं माझ्या अंगावर दोनदा फवारली.

बोईसरच्या त्या हप्त्यांच्या ऑफिसात खुर्च्या रिकाम्या होत्या. मला कुणी बस म्हटलं नाही. मासेमारीची बंदी चालू, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. कित्येक दिवसांत मी ओल्या मासळीला हात लावला नव्हता. धुतलेली साडी नेसून गेले होते. वास कुठून येणार? त्याच्यापुढे ठेवलेल्या आधार कार्डावरच्या, मच्छीमारांच्या गावाच्या नावाचाच आला असेल.

हातात नवऱ्याचा फोन होता, हप्त्यावर घेतलेला. हप्ता थकला म्हणून कंपनीनं तो लांबूनच बंद केला होता.

नवरा मे महिन्यात गेला. बोटीवरच छातीत कळ आली. त्या फोनात त्याचा आवाज आहे. समुद्रातून परतताना रेंज आली की तो बोलून पाठवायचा, "आलो गो, टोपल्या घेऊन ये." माझी मुलगी रोज तो ऐकायची, मगच जेवायची. फोन बंद झाल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नाही.

आणि हप्ता थकलाच नव्हता! पावसात आमची कमाई बंद, म्हणून पुढच्या महिन्यांचं आधीच देऊन ठेवायची आमच्याकडे रीत. नवऱ्यानं जायच्या आधी बंदीचे हप्ते याच टेबलावर रोख भरले होते. पावती मी पुढे केली.

"आमी आगाऊच भरलेत, साहेब."

"आगाऊ सिस्टीम धरत नाही. ते दुसऱ्या चार्जेसमध्ये गेले."

"मंग पाच मिनटं उघडून द्या. त्याचा आवाज तेवडा काढून घेते. फोन ठेवा तुमाला."

तो हसला. "नवऱ्याचा आवाज ऐकायला कर्ज दिलं होतं का?"

त्याच माणसासमोर मी हुंदके देऊन रडले. मग त्यानं एक कागद सरकवला. "सही करा, उद्या फोन चालू." मला वाचता येतं. 'माझ्या पतीने हप्ते थकवले हे मला मान्य आहे. दंडासह भरीन.'

पेन हातात होतं. सही केली असती तर दुसऱ्या दिवशी पोर पोटभर जेवली असती. पण ज्यानं जन्मात कुणाचे चार आणे ठेवले नाहीत, त्याला मेल्यावर मी बुडव्या ठरवू? त्याच्या बायकोनं?

पेन खाली ठेवलं. "सही नाय करणार. फोन का बंद केला, ते तुमीच लिहून द्या."

"मग फोन असाच राहील."

पालघरला ग्राहक तक्रारीचा अर्ज दिलाय. तारखांवर तारखा पडतायत. मुलगी विचारते, बाबाचा आवाज कधी येणार? ठाऊक नाही, असंच सांगते. तिला खोटी आशा लावत नाही. उद्या कंपनीवाले लांबूनच फोनातलं सगळं पुसूनही टाकतील. मग मी ऊर बडवून रडेन.

पण त्या कागदावर सही करणार नाही.